भिंत डीजेची, जबाबदारी मंडळांची

शब्दांच्या नशिबीही कधीकधी विचित्र भोग येतात. रे डॉल्बी या अमेरिकी अभियंत्याने १९६५ मध्ये लंडन येथे आपली प्रयोगशाळा उभी केली, ती ध्वनिमुद्रणात मिसळणारी नकोशी खरखर दूर करण्याचे तंत्र सिद्ध करण्यासाठी. गोंगाट कमी करणे हेच त्या संशोधनाचे मूळ प्रयोजन होते आणि त्याच कामाने डॉल्बी हे नाव जगभर पोहोचले. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात मात्र हा शब्द आज नेमक्या उलट अर्थाने रूढ झाला आहे. ट्रकवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर एकावर एक रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत, तिच्यामागे धडधडणारे जनरेटर आणि तिच्यापुढे थरथरणाऱ्या घरांच्या काचा, या साऱ्याला मिळून तेथे 'डॉल्बी' म्हणतात. पुण्या-मुंबईकडे त्याच भिंतीला 'डीजे' असे नाव आहे. दोन्ही शब्द परके आहेत, हा काही मोठा अपराध नव्हे. दोन्ही शब्द चुकीच्या वस्तूला चिकटवले गेले आहेत आणि त्या चुकीच्या नावाखाली खरा अपराधी सुखरूप लपून बसला आहे, ही खरी अडचण आहे.

दरवर्षी भाद्रपद जवळ आला की डीजेवर बंदी घालावी की नाही, या प्रश्नावर ठराविक खडाजंगी सुरू होते. एका बाजूला पोलिसांचे आदेश, दुसऱ्या बाजूला मंडळांचे निवेदन, मध्ये एखादी न्यायालयीन याचिका आणि अखेरीस अनंत चतुर्दशीच्या रात्री जे व्हायचे तेच. या गदारोळात डीजे म्हणजे कोण, त्याची साधने कोणती, त्या साधनांचे काम काय आणि उत्सवात त्यांना जागा कोणी दिली, हे साधे प्रश्न विचारलेच जात नाहीत. ते विचारले तर उत्तर मंडळांच्या कार्यालयातच सापडेल, अशी बहुधा भीती असावी.

कलावंत आणि त्याची हत्यारे

'डिस्क जॉकी' ही संज्ञा अमेरिकी नभोवाणीच्या जगात १९३० च्या दशकात रूढ झाली. तबकड्या निवडून वाजवणारा आणि मधूनमधून श्रोत्यांशी बोलणारा निवेदक, एवढाच तिचा अर्थ होता. पुढे नृत्यगृहांत हाच माणूस तबकड्यांच्या आधारे रात्रभर नाच चालता ठेवू लागला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुणाने एका घरगुती समारंभात दोन तबकडीयंत्रे शेजारीशेजारी ठेवली. गाण्यातील निव्वळ तालाचा तुकडा एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर फिरवत तो लांबवण्याची त्याची युक्ती हिपहॉप या संगीतप्रकाराच्या मुळाशी आहे, असे मानले जाते. ग्रँडमास्टर फ्लॅश याने त्या युक्तीला गणिती नेमकेपणा दिला.

या कलेची हत्यारेही विचारपूर्वक घडलेली आहेत. जपानी मात्सुशिता कंपनीने १९७२ मध्ये टेक्निक्स १२०० हे तबकडीयंत्र बाजारात आणले. त्यात पट्ट्याऐवजी मोटरच थेट तबकडी फिरवत असे. त्यामुळे हाताने रोखलेली तबकडी सोडताक्षणी पूर्ववत वेग घेई आणि तिची गती किंचित कमी-अधिक करता येई. दोन गाण्यांचे ठोके एकमेकांवर तंतोतंत बसवण्यासाठी हेच लागते. दोन यंत्रांच्या मध्ये मिश्रक असतो. त्यावरील आडव्या सरकपट्टीने एका गाण्यातून दुसऱ्यात अलगद जाता येते. पुढचे गाणे श्रोत्यांच्या आधी स्वतः ऐकण्यासाठी वादकाच्या कानावर हेडफोन असतो. आता तबकडीची जागा संगणकाने आणि डिजिटल नियंत्रकाने घेतली आहे, परंतु कौशल्य तेच राहिले आहे. कोणत्या क्षणी कोणते गाणे, कोणत्या गतीने आणि समोरच्या समूहाची मनःस्थिती ओळखून किती चढवायचे, किती उतरवायचे, याचे भान म्हणजे डीजेची कला.

ही कला परदेशी आहे म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. हार्मोनियम युरोपातून आली आणि मराठी संगीत नाटकाने तिला घरची केले. व्हायोलिन दक्षिणेत गेले आणि कर्नाटक संगीताचे अविभाज्य अंग झाले. जे उत्तम आहे ते आत्मसात करण्याची ताकद या संस्कृतीत पूर्वीही होती आणि आजही आहे. बंदिस्त सभागृहात, येणाऱ्याने स्वेच्छेने यावे आणि नकोसे झाल्यास उठून जावे, अशा ठिकाणी कुणी डीजे आपली कला सादर करत असेल तर त्याच्याशी भांडण नाही.

भांडण आहे ते मिरवणुकीतील भिंतीशी. त्या भिंतीमागे बसलेल्या तरुणाला डीजे म्हणणे हा त्या कलेचाही अपमान आहे. त्याच्यापुढे बहुतेक वेळा एक लॅपटॉप किंवा पेनड्राइव्ह असतो आणि त्यात आधीच जोडून ठेवलेली गाणी असतात. समूहाची मनःस्थिती ओळखण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण त्या आवाजात समूहाला मनःस्थिती उरतच नाही. मंडळ भाड्याने आणते ते कलावंताला नव्हे, तर त्याच्या पाठीमागच्या पेट्यांना. करार ठरतो तो किती 'बेस' आणि किती 'टॉप' लावणार यावर. गाणी कोणती, याची चौकशी त्यानंतर होते, झाली तर.

भिंतीचे गणित

या पेट्यांचे गणित एकदा शांतपणे मांडून पाहिले पाहिजे, कारण सगळा युक्तिवाद त्यातच दडलेला आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० हे १४ फेब्रुवारी २००० पासून देशभर लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल अशी मर्यादा त्यात आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या भोवतीच्या शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० आणि ४० डेसिबल आहे. सार्वजनिक ठिकाणी ध्वनिक्षेपक लावल्यास त्या जागेच्या सीमेवरील आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या पुढे जाता कामा नये. म्हणजे व्यापारी पेठेत भरदिवसा, सगळ्यांत सढळ हिशेबाने धरले तरी, ७५ डेसिबल ही अखेरची सीमा आहे.

पुण्यातील सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचे विद्यार्थी आणि अध्यापक विसर्जनाच्या काळात लक्ष्मी रस्त्यावरील चौकांत अनेक वर्षांपासून ध्वनिमापन करत आले आहेत. २०२२ मध्ये त्यांनी नोंदलेली सरासरीच १०० डेसिबलच्या वर होती. त्यात ढोलांचाही वाटा होता, हे मान्य करून पुढचे गणित पाहावे. डेसिबल ही साधी बेरजेची मोजपट्टी नव्हे. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा १० पट होते, २० वाढले की १०० पट आणि ३० वाढले की १,००० पट. समजा भिंतीपासून काही मीटरवरच्या घराच्या उंबऱ्यावर १०५ डेसिबल आवाज पडतो आहे. तो ७५ वर आणायचा तर यंत्रणेची ऊर्जा हजारपटींनी कमी करावी लागेल. बटण थोडे मागे फिरवून हे साधणार नाही. हजार भागांतील एक भाग ठेवून उरलेले ९९९ काढून टाकावे लागतील.

यातून निघणारा निष्कर्ष टाळता येण्यासारखा नाही. कायदा पाळायचा असेल तर भिंतीची गरजच नाही, दोन लहान पेट्या पुरेत. भिंत मागवली जाते, याचा अर्थ ती मागवण्याच्या क्षणीच कायदा मोडण्याचा निर्णय झालेला असतो. 'आवाज मर्यादेत ठेवू' असे हमीपत्र पोलिसांना लिहून देणारा पदाधिकारी आणि ते हमीपत्र फाइलला लावणारा अधिकारी, दोघांनाही हे ठाऊक असते. हा उत्साहाच्या भरात झालेला नियमभंग नव्हे. आगाऊ रक्कम देऊन, पावती घेऊन केलेला हा नियमभंग आहे.

गणिताचा दुसरा भाग अधिक चिंताजनक आहे. नियमांतील डेसिबल ज्या पद्धतीने मोजले जाते, ती पद्धत मानवी कानाच्या संवेदनेला अनुसरून खालच्या स्वरांना कमी वजन देते. ६३ हर्ट्झच्या घुमणाऱ्या ठोक्याचे मोजमाप करताना ती सुमारे २६ डेसिबल वजा करते. ऊर्जेच्या भाषेत ही सूट सुमारे ४०० पटींची आहे. डीजेच्या भिंतीचा सगळा जोर तर याच खालच्या ठोक्यावर असतो. छातीत धडकणारा, दारे-खिडक्या हलवणारा, विटांच्या भिंतींतून आरपार जाणारा हा ठोका कायद्याच्या मोजपट्टीत जवळजवळ पकडलाच जात नाही. मोजयंत्रावर जो आकडा दिसतो, त्यापेक्षा पलंगावर पडलेल्या हृदयरुग्णाच्या खोलीत शिरणारे संकट कितीतरी मोठे असते.

पहिला बळी कोणाचा?

या संकटाची चर्चा नेहमी वृद्ध, आजारी आणि तान्ह्या बाळांच्या संदर्भात होते आणि ती योग्यच आहे. परंतु पहिला बळी जातो तो भिंतीसमोर नाचणाऱ्या तरुणाच्या कानाचा. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात माणसाने ८ तासांपेक्षा अधिक राहू नये आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते. या हिशेबाने १०० डेसिबलसाठी मुदत उरते १५ मिनिटे. मिरवणूक चालते ती कित्येक तास. आंतरकर्णातील ज्या सूक्ष्म केसपेशी आवाजाचे संवेदन मेंदूकडे पोहोचवतात, त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. विशीतल्या मुलाने एका रात्रीत जे गमावले, ते साठीत कोणताही वैद्य परत देऊ शकत नाही. मंडळाचा हाच मुलगा उद्याचा कार्यकर्ता आहे. समाजाचे ऐकून घेण्याची ज्याच्याकडून अपेक्षा, त्यालाच उत्सवाने बहिरे करावे, यापेक्षा मोठी विटंबना कोणती?

आवाजाच्या जोडीला आता प्रकाशही आला आहे. २०२३ च्या उत्सवानंतर कोल्हापूर परिसरातून लेझर झोतांमुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. २०२४ मध्ये पुणे पोलिसांना या झोतांवर बंदीचा आदेश काढावा लागला. गजाननाच्या दर्शनाला आलेल्या भक्ताने कान आणि डोळे दोन्ही पणाला लावून घरी परतावे, अशी ही प्रगती आहे.

शब्द हरवलेला उत्सव

सार्वजनिक गणेशोत्सवाला १८९३ नंतर लोकमान्य टिळकांनी जे बळ दिले, ते कशासाठी, हे महाराष्ट्राला नव्याने सांगावे लागू नये. व्याख्याने, कीर्तने, पोवाडे आणि मेळे ही त्या उत्सवाची साधने होती. मेळ्यांतील पदांवर ब्रिटिश सरकारची करडी नजर असे, कारण त्या पदांतील शब्द लोकांच्या कानांवर पडत आणि मनात उतरत. सरकारला भीती होती ती शब्दांची. आज भिंतीसमोर उभ्या असलेल्या दोन माणसांना एकमेकांशी एक वाक्यही बोलता येत नाही. जो उत्सव समाजाला बोलते करण्यासाठी चौकात आणला, त्याच उत्सवात बोलणे अशक्य व्हावे, हे टिळकांच्या कल्पनेवर फिरवलेले बोळे आहे. कोणत्याही परकीय सत्तेला अशा उत्सवाची भीती वाटण्याचे कारण नाही.

नादाचे शास्त्र या भूमीला नवे नाही. शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारात, म्हणजे याच महाराष्ट्राच्या मातीत सिद्ध झाला. नादापासून आरंभ करणाऱ्या या ग्रंथाने वाद्यांसाठी एक संपूर्ण अध्याय दिला. तत, सुषिर, अवनद्ध आणि घन या चार वर्गांत वीणेपासून टाळापर्यंत सारी वाद्ये सामावली. भिंत या चारांपैकी कोणत्या वर्गात बसते? कोणत्याच नाही. ती वाद्यच नव्हे, कारण तिला वादक नाही. सनईला श्वास लागतो, हलगीला बोटे लागतात, ढोलाला खांदा आणि टिपरू लागते. भिंतीला लागते ते फक्त डिझेल.

कायद्यानेही उत्सवावर एक विश्वास टाकला आहे, त्याची कितीजणांना कल्पना असेल? कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या प्रसंगी वाजवल्या जाणाऱ्या गीत-संगीताला स्वामित्वहक्काच्या बंधनातून सूट दिलेली आहे. श्रद्धेच्या कार्यात कुणी हिशेबाची वही घेऊन आडवे येऊ नये, हा त्यामागचा उदार भाव. विघ्नहर्त्याच्या मूर्तीपुढे वाजणारी आजची अचकटविचकट गाणी ऐकल्यावर ही सूट मागण्याचे नैतिक धैर्य किती मंडळांकडे उरेल?

ठेवणीतले चार आक्षेप

या विषयावर तोंड उघडले की काही ठेवणीतले आक्षेप पुढे केले जातात. त्यांचाही समाचार घेतला पाहिजे.

पहिला आक्षेप असा, की नियम नेहमी हिंदूंच्याच सणांना दाखवले जातात. वर्षभर चालणाऱ्या इतरांच्या भोंग्यांचे काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर न्यायालयांनी निःसंदिग्धपणे दिलेले आहे. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेन्नईतील एका चर्चच्या प्रकरणात सांगितले, की ध्वनिवर्धक लावून इतरांची शांतता भंग करण्याची शिकवण कोणताही धर्म देत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक वापरणे हा मूलभूत अधिकार नसल्याचे स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मुंबईतील मशिदींच्या भोंग्यांविरुद्धच्या याचिकेवर निर्णय देताना ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अनिवार्य भाग नसल्याचे सांगून पोलिसांना कारवाईचे निर्देश दिले. कायदा सर्वांना सारखा आहे आणि त्याची अंमलबजावणीही सर्वांसाठी सारखीच झाली पाहिजे, ही मागणी हिंदू समाजाने ठामपणे लावून धरावी. परंतु ती मागणी करणाऱ्याचे स्वतःचे अंगण स्वच्छ असावे लागते. १०५ डेसिबलच्या भिंतीआडून दुसऱ्याच्या भोंग्यावर बोट दाखवणाऱ्याचा शब्द कुणी ऐकत नाही. तो ऐकू येणेच मुळी शक्य नसते. शिवाय भिंतीचा ठोका ज्या पेठांतून जातो, तेथील आजारी आजोबा आणि घाबरून रडणारे बाळ बहुतांशी हिंदूच असते. स्वतःच्या घरातील माणसांना छळण्यासाठी दुसऱ्याच्या अपराधाचा दाखला देणे हा कोणता स्वाभिमान?

दुसरा आक्षेप, ढोल-ताशाही कमी आवाज करत नाही. हे खरे आहे, आणि पथकांनी ढोलांच्या संख्येची स्पर्धा थांबवली पाहिजे, हेही तितकेच खरे आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पुण्यातील पथकांवर ३० जणांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. या स्थगितीला मनमानीचा परवाना समजू नये. तरीही ढोल आणि भिंत यांत मूलभूत अंतर आहे. ढोल वाजवणारा हात थकतो, पथक थांबते, पाणी पिते, ताल बदलते, विसावते. यंत्र थकत नाही. ढोलामागे महिन्या-दोन महिन्यांचा सराव असतो, शिस्त असते, मुलगे आणि मुली एका रांगेत उभे असतात. भिंतीमागे फक्त भाडे असते.

तिसरा आक्षेप, डीजे नसेल तर तरुण येणार नाहीत. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग यांसारख्या शाळांनी रुजवलेल्या पथकांच्या परंपरेने या आक्षेपाला केव्हाच उत्तर दिले आहे. संध्याकाळी नदीकाठच्या मैदानांवर सरावाला जमणारे शेकडो तरुण-तरुणी सुशिक्षित आहेत, नोकरी-शिक्षण सांभाळून येतात आणि स्वतःच्या कष्टाने वाजवतात. तरुणाला काम हवे असते, करून दाखवण्याची संधी हवी असते. ती देण्याची ऐपत नसलेले पुढारी त्याच्यासमोर भिंत उभी करून मोकळे होतात.

चौथा आक्षेप, वर्षातून एक दिवस तर असतो. तो एक दिवस आता दहीहंडीचा आहे, आगमन सोहळ्याचा आहे, विसर्जनाचा आहे, नवरात्राचा आहे, महापुरुषांच्या जयंत्यांचा आहे, वरातीचा आहे, हळदीचा आहे आणि निवडणुकीतील गुलालाचाही आहे. एकेका दिवसाची बेरीज करता करता रस्त्यावर राहणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला शांततेचेच दिवस मोजके उरतात.

पेट्या जप्त, पुढारी मोकळे

आता जबाबदारीचा प्रश्न. कारवाईची वेळ येते तेव्हा पोलीस काय करतात? ट्रक अडवतात, मिश्रक आणि ॲम्प्लिफायर जप्त करतात, चालकावर आणि यंत्रणेच्या मालकावर गुन्हा नोंदवतात. हा मालक पुष्कळदा ग्रामीण भागातील, शेती परवडत नाही म्हणून कर्ज काढून या धंद्यात उतरलेला तरुण असतो. सप्टेंबर २०१८ मध्ये ध्वनियंत्रणा पुरवणाऱ्या व्यावसायिकांची संघटना बंदीविरुद्ध उच्च न्यायालयात गेली, तेव्हा विसर्जनासाठी तातडीचा दिलासा देण्यास न्यायालयाने नकार दिला. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. परंतु त्या तरुणाला आगाऊ रक्कम देऊन बोलावणारे मंडळ, 'अजून वाढव' म्हणून त्याच्या खांद्यावर थाप मारणारा अध्यक्ष आणि फलकावर हात जोडून हसणारा सौजन्यमूर्ती पुढारी, यांपैकी कुणाची वस्तू जप्त झाल्याचे ऐकिवात नाही. बटण तरुणाच्या हाताखाली असते. हुकूम दुसऱ्याचा असतो. भुर्दंड त्याला आणि मिरवणे यांना, ही वाटणी अन्यायाची आहे.

२०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातील तुरुंगवासाची सर्वसाधारण तरतूद जाऊन तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा आर्थिक दंड आला आहे. कैदेची भीती गेली म्हणून आनंद मानण्याचे कारण नाही. उलट, दंड वसूल करणे आता सोपे आहे. तो यंत्रणेच्या मालकाइतकाच मंडळाच्या पदाधिकाऱ्यांकडून वसूल झाला पाहिजे, आणि तो वर्गणीतून भरता कामा नये. वर्गणी देणारा दुकानदार, चाळीतील गृहिणी, निवृत्त शिक्षक यांनी पैसे दिलेले असतात ते बाप्पासाठी. स्वतःच्या कानावर घातला जाणारा घाव त्यांनी स्वतःच्याच पैशांनी का विकत घ्यावा?

करण्यासारखे खूप आहे

जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा जाहीर केला. हा गौरव सार्थ ठरवायचा असेल तर काही गोष्टी तत्काळ करता येण्यासारख्या आहेत. मिरवणुकीत ध्वनियंत्रणा लावायचीच असेल तर तिला ठराविक पातळीवर आवाज रोखणारे नियंत्रक बसवून ते मोहोरबंद करावे. हे तंत्र उपलब्ध आहे. परवानगी देताना हमीपत्रावर विसंबण्याऐवजी पेट्यांची संख्या आणि क्षमता आधीच तपासावी, म्हणजे मिरवणुकीच्या मध्यरात्री पोलिसांवर झटापटीचा प्रसंग येणार नाही. खालच्या ठोक्याचे मोजमाप स्वतंत्रपणे करण्याची तरतूद नियमांत आणावी. पदाधिकाऱ्यांची जबाबदारी वैयक्तिक ठरवावी. हे निकष धर्म, जात, पक्ष न पाहता प्रत्येक मिरवणुकीला, प्रत्येक जयंतीला आणि प्रत्येक प्रार्थनास्थळाला लावावे.

परंतु शासन करील ते अर्धेच. उरलेले अर्धे मंडळांच्या बैठकीत व्हायचे आहे. गावोगावी हलगी, सनई, संबळ, लेझीम, झांज आणि भजनी मंडळे आहेत. पिढ्यान्पिढ्या वाद्यावर पोट असलेले वादक भिंतीने देशोधडीला लावले आहेत. भिंतीच्या भाड्यातील पैसा त्यांच्याकडे वळवला तर उत्सवही वाजेल आणि चार चुलीही पेटतील. ध्वनियंत्रणेच्या मालकांनाही त्यांच्या यंत्रांचे खरे काम द्यावे. व्याख्यानमालेत वक्त्याचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोहोचवणे, कीर्तनकाराचा आवाज न चिरकवता वाढवणे, सभागृहातील संगीत नेटके ऐकवणे, हे कसबाचे काम आहे आणि त्यासाठी जाणकार तंत्रज्ञांची गरज सर्वत्र आहे.

पुण्यातील मानाचे पाचही गणपती पारंपरिक वाद्यांच्या गजरात मार्गस्थ होतात. त्यांच्या मिरवणुकीला गर्दी कमी पडत नाही आणि त्यांच्या प्रतिष्ठेलाही बाधा येत नाही. जे मानाच्या मंडळांना साधते, ते गल्लीतील मंडळाला साधणार नाही असे काहीच नाही. त्यासाठी पैसा लागत नाही, शासनाचा आदेश लागत नाही, न्यायालयाची फटकारही लागत नाही. लागतो तो श्रावणातल्या एखाद्या बैठकीत, मिरवणुकीचा खर्च ठरताना, एका कार्यकर्त्याने उभे राहून 'यंदा भिंत नको' एवढे म्हणण्याचा धीर. असा एकेक कार्यकर्ता प्रत्येक मंडळात उभा राहिला, तर पुढच्या भाद्रपदात पोलिसांना काही जप्त करावेच लागणार नाही.